कुत्र्याचा कान दुखतो तेव्हा : औषध घरी घालावं, पण घरी ठरवू नये

पावसाळा सुरू झाला की कुत्रा पाळणाऱ्या बऱ्याच घरांत एक तक्रार ऐकू येते. कुत्रा सारखं डोकं झटकतो, मागच्या पायाने कान खाजवतो, सोफ्याला नाहीतर भिंतीला कान घासत बसतो. जवळ गेलं की कुबट, आंबूस वास येतो. कान उलटून पाहिला तर आतली कातडी लालबुंद आणि तपकिरी मळ साचलेला. मग घरात सल्ले सुरू होतात. "मागच्या वेळची बाटली आहे ना कपाटात, तीच घाला." "लसणाचं तेल कोमट करून दोन थेंब सोडा, आमची आजी तेच करायची." "मेडिकलमधून कानाचे थेंब आणा, कान तो कानच!"

तिन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात. पण तिन्हींमध्ये धोका आहे, आणि तो काय आहे हे समजून घेणं हाच या लेखाचा हेतू आहे. कुत्र्याच्या कानावरचा बराचसा उपचार घरीच होतो, त्यात शंका नाही. रोज कान साफ करणं, थेंब घालणं, लक्ष ठेवणं हे सगळं घरच्यांनाच करायचं असतं. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : औषध घरी घालायचं, पण कोणतं घालायचं हे घरी ठरवायचं नाही. असं का, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

कुत्र्याचा कान आपल्या कानासारखा नाही

शाळेत आपण कानाचे तीन भाग शिकवतो : बाह्यकर्ण, मध्यकर्ण आणि अंतर्कर्ण. बाह्यकर्ण आणि मध्यकर्ण यांच्यामध्ये कानाचा पडदा असतो. कुत्र्याच्या कानातही हेच तीन भाग आहेत. फरक आहे तो बाहेरून पडद्यापर्यंत जाणाऱ्या नळीत.

मोठ्या माणसाची ही नळी सुमारे अडीच सेंटिमीटर लांब आणि जवळजवळ आडवी असते. कुत्र्याची नळी जातीनुसार साधारण ५ ते १० सेंटिमीटर लांब असते. ती आधी सरळ खाली उतरते आणि मग काटकोनात आत वळते. इंग्रजी 'एल' अक्षर डोळ्यांसमोर आणा. पडदा असतो त्या वळणाच्या पलीकडे.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे. इतक्या तीक्ष्ण कानाची रचना मात्र जंतूंच्या सोयीची आहे. नळी खोल, अंधारी, उबदार. आंघोळीचं किंवा पावसाचं पाणी आत गेलं की लवकर सुकत नाही. त्यात कॉकर स्पॅनिएल किंवा लॅब्रॅडोरसारखे लोंबते कान असले की वरून झाकणच बसतं. पूडलसारख्या जातींत नळीच्या आतही केस असतात. उभ्या कानांच्या गावठी कुत्र्यांना हवा जास्त मिळते, पण त्यांना हा त्रास होतच नाही असं नाही.

यातून दोन गोष्टी लगेच कळतात. पहिली, कान उलटून आपल्याला जे दिसतं ते फक्त दार आहे. खोली दिसतच नाही. दुसरी, कापसाची काडी, म्हणजे इअरबड, घालून आपण मळ बाहेर काढत नाही, तो वळणापर्यंत ठासून भरतो. निरोगी कानाची कातडी मळ हळूहळू आपणहून बाहेर ढकलत असते. आपण काडीने उलटा रस्ता धरतो.

आत नेमकं काय बिघडतं?

कानात त्रास देणारे मुख्य गुन्हेगार तीन.

*बॅक्टेरिया.* यातले काही निरोगी कातडीवरही थोड्या संख्येने राहतात. ओल, खाज, जखम अशी संधी मिळाली की झपाट्याने वाढतात. पिवळा किंवा हिरवट पू आणि बऱ्यापैकी वेदना ही नेहमीची लक्षणं.

*यीस्ट.* ही बुरशीची एक जात. 'मॅलॅसेझिया' नावाचं यीस्ट कुत्र्याच्या कातडीवर एरवीही असतं. ते वाढलं की तपकिरी, तुपकट मळ आणि आंबूस वास येतो.

*माइट.* हे डोळ्यांना जेमतेम ठिपक्यासारखे दिसणारे आठ पायांचे किडे, गोचिडाचे लांबचे भाऊबंद. कॉफीच्या भुकटीसारखा काळपट मळ आणि प्रचंड खाज. पिल्लांत आणि मांजरांत जास्त. एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे सहज जातात, म्हणून घरातल्या सगळ्याच कुत्र्यामांजरांवर उपचार करावे लागतात.

आता वाचून वाटेल, मग रंग बघून ओळखता येईल की! इथेच फसगत होते. एकाच कानात बॅक्टेरिया आणि यीस्ट दोन्ही असणं अगदी नेहमीचं आहे. बॅक्टेरियाचेही प्रकार आहेत. 'स्यूडोमोनास' नावाचा एक हट्टी जंतू बऱ्याच औषधांना दाद देत नाही. कानातला मळ काडीवर घेऊन, काचपट्टीवर पसरून, रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय यातलं कोण आहे हे खात्रीने सांगता येत नाही. डॉक्टरांकडे ही तपासणी बऱ्याचदा थोड्या मिनिटांत होते.

आणखी एक पायरी खाली उतरू. हे जंतू वाढले तरी का? त्यांच्यामागे बहुतेक वेळा दुसरंच कारण असतं. सगळ्यात नेहमीचं म्हणजे ॲलर्जी, कधी धूळ-परागकणांची, कधी खाण्यातल्या पदार्थाची. असा कुत्रा पंजेही चाटत असतो, पोट खाजवत असतो. दुसरं कारण म्हणजे कानात गेलेलं कुसळ. पावसाळ्यानंतर माळरानावरचं गवत वाळतं तेव्हा ही कुसळं आपल्या कपड्यांत कशी रुततात हे सगळ्यांनाच माहीत आहे. ती पुढे सरकतात, मागे येत नाहीत. कानाच्या नळीतही तेच. मोठ्या वयात थायरॉइडचा विकार किंवा कानातली गाठ हेही कारण असू शकतं.

म्हणजे थेंब घालून जंतू मरतील, पण कुसळ आतच राहिलं किंवा ॲलर्जी तशीच राहिली तर महिन्याभरात पुन्हा तोच खेळ. "आमच्या कुत्र्याचा कान दर पावसाळ्यात बिघडतो" असं म्हणणाऱ्यांनी थेंब बदलत बसण्यापेक्षा मूळ कारण शोधून घ्यावं.

बाटली घरी का निवडायची नाही?

डॉक्टर कुत्र्याच्या कानासाठी जे थेंब देतात त्यात सहसा तीन औषधं एकत्र असतात : बॅक्टेरियासाठी प्रतिजैविक, उदाहरणार्थ जेंटामायसिन, यीस्टसाठी बुरशीविरोधी औषध, उदाहरणार्थ क्लोट्रिमॅझोल, आणि सूज-खाज कमी करायला स्टेरॉइड, उदाहरणार्थ बीटामेथासोन. तिघांची कामं वेगळी.

आता समजा, मेडिकलमधून फक्त प्रतिजैविक आणि स्टेरॉइड असलेले माणसाचे थेंब आणले आणि कानात होतं यीस्ट. स्टेरॉइडमुळे दोन दिवसांत खाज थांबते. घरचे खूश. पण यीस्टला औषध मिळालेलंच नाही, उलट शेजारचे बॅक्टेरिया मेल्यामुळे त्याला मोकळं रान मिळालं. आठवड्याने त्रास परत, आणि जास्त.

याहून मोठा धोका पडद्याचा आहे. जुन्या संसर्गात कानाचा पडदा फाटलेला असू शकतो आणि ते बाहेरून कळत नाही. पडदा शाबूत असेल तर थेंब बाह्यकर्णातच राहतात. फाटलेला असेल तर ते मध्यकर्णात उतरतात, तिथून अंतर्कर्णापर्यंत पोचू शकतात. जेंटामायसिनच्या गटातली औषधं आणि काही जंतुनाशक द्रावणं अंतर्कर्णातल्या नाजूक पेशींना इजा करतात. या पेशी पुन्हा उगवत नाहीत. कुत्रा कायमचा बहिरा होऊ शकतो, त्याचा तोल जाऊ शकतो. जे औषध एका कुत्र्याला बरं करतं तेच दुसऱ्याचं ऐकणं घालवू शकतं. फरक इतकाच की एकाचा पडदा कोणीतरी आधी पाहिला होता. तो पाहायला ओटोस्कोप लागतो, मोबाइलचा टॉर्च नाही.

बाकीच्या घरगुती उपायांचंही थोडक्यात पाहू.

- लसणाचं किंवा साधं तेल : ओल आणि मळ आत कोंडून ठेवतं. शिवाय डॉक्टरांना पडदा दिसत नाही. लसूण पोटात गेली तर कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशींना घातक असते, आणि कान खाजवलेला पंजा तो चाटतोच.
- हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, व्हिनेगर, लिंबू : सोललेल्या कातडीवर भयंकर आग होते. एकदा असं झालं की पुढे कुत्रा कानाला हातच लावू देत नाही.
- माणसाच्या कानातला मळ मऊ करणारे थेंब : काहींमध्ये टर्पेंटाइन तेल असतं. सुजलेल्या कानाला ते सोसत नाही.
- मागच्या वेळची उरलेली बाटली : मागचा त्रास आणि आताचा त्रास एकच असेल असं नाही. उघडलेलं औषध किती दिवस चालतं तेही लेबलवर लिहिलेलं असतं. ती मुदत बहुधा केव्हाच संपलेली असते.
- दुखतंय म्हणून माणसाची गोळी : आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नये. मांजराला तर ते जीवघेणंच.

डॉक्टरांकडे जाताना

शहरात खासगी दवाखाने असतात. तालुक्याच्या आणि मोठ्या गावांत पशुवैद्यकीय दवाखाना असतो. तो फक्त गाईम्हशींसाठी असं समजू नका, तिथे कुत्र्यालाही नेता येतं.

जाण्याआधी कान साफ करू नका. नेमका तो मळच तपासायचा असतो. आणि ही माहिती तयार ठेवा : त्रास किती दिवसांपासून आहे, एका कानात की दोन्ही, आधी कधी झाला होता, नुकतीच आंघोळ किंवा पोहणं झालं का, गवतात फिरला का, खाण्यात काही बदललं का, घरी आधीच काही घातलं का. यातलं शेवटचं लपवू नये. रागावतील म्हणून सांगितलं नाही तर निदान चुकू शकतं.

डॉक्टर दोन दिवस मिळणार नसतील तर? कानात काहीही घालू नका. कान कोरडा ठेवा, आंघोळ टाळा. खाजवून रक्त काढत असेल तर गळ्यात प्लास्टिकची मोठी कॉलर घाला. आणि फोनवर बोलता आलं तर बोला.

घरी औषध घालण्याची पद्धत

डॉक्टरांनी साफ करायचं द्रावण आणि थेंब दिले की खरं काम घरी सुरू होतं. दोन माणसं असली तर बरं : एक धरायला, एक घालायला.

१. कुत्रा फिरून आला, शांत झाला की बसा. धरपकड करून, ओरडून सुरुवात करू नका. बाटली दोन-तीन मिनिटं हाताच्या मुठीत धरून कोमट करा. गार थेंब अचानक आत गेले की तो दचकतो.

२. कानाची पाळी हळूच वर धरा. त्यामुळे नळी थोडी सरळ होते. साफ करायचं द्रावण नळी भरेल इतकं सोडा. बाटलीचं टोक कानाला लागू देऊ नका, नाहीतर जंतू बाटलीत जातात.

३. कानाच्या मुळाशी, जबड्याच्या कोपऱ्याच्या वर, २०–३० सेकंद हलकं चोळा. पचपच आवाज आला म्हणजे द्रावण वळणापर्यंत पोचलं.

४. आता सोडून द्या. तो डोकं झटकेल आणि आतला मळ बाहेर फेकेल. भिंतींवर शिंतोडे उडतील, म्हणून हे बाथरूममध्ये किंवा अंगणात करावं.

५. बोटाला कापूस गुंडाळून जिथवर बोट सहज जातं तिथवरच पुसा. काडी नाही. दुसऱ्या कानाला नवा कापूस.

६. दहा-पंधरा मिनिटं थांबा, कान थोडा सुकू द्या. मग सांगितले असतील तितके थेंब घाला आणि पुन्हा मुळाशी चोळा. औषध वळण ओलांडून खाली पोचायला हे चोळणं आवश्यक आहे.

७. लगेच खाऊ द्या, शाबासकी द्या. उकडलेल्या अंड्याचा तुकडा, पोळीचा तुकडा चालेल. चॉकलेट आणि मनुका देऊ नका, दोन्ही कुत्र्याला विषारी. ॲलर्जीसाठी डॉक्टरांनी ठरावीक आहार दिला असेल तर खाऊही त्यातलाच.

८. हात साबणाने धुवा.

साफसफाई रोज करायची की दिवसाआड, हेही डॉक्टरच सांगतील. सतत साफ करत राहिल्यानेही आतली कातडी ओली आणि नाजूक होते.

"आता बरा वाटतोय, बंद करूया का?"

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. वर सांगितलं तसं स्टेरॉइडमुळे खाज आणि लाली लवकर कमी होते, जंतू मात्र सावकाश मरतात. म्हणून तिसऱ्या दिवशी कुत्रा छान दिसतो आणि घरचे बाटली कपाटात ठेवतात. औषध साधारण एक ते दोन आठवडे, कधी महिनाभरही चालतं. कधी थांबायचं हे खाज ठरवत नाही. डॉक्टर पुन्हा कान पाहून ठरवतात.

पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावलं होतं की औषध अपुरं पडलं तर जंतू मरत नाहीत, त्या औषधाला दाद न देणारे होतात. कुत्र्याच्या कानातले जंतूही याला अपवाद नाहीत.

इथे एक छोटं गणित उपयोगी पडतं. समजा, एका कानात रोज दोन वेळा ५ थेंब, असं १४ दिवस सांगितलं आहे. ५ × २ × १४ = १४० थेंब. पातळ द्रवाचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर धरले तर ७ मिलिलिटर झाले. १० मिलिलिटरची बाटली पुरेल. पण दोन्ही कान असतील तर १४ मिलिलिटर, म्हणजे दोन बाटल्या. हे आधी कळलं नाही की बाटली दहाव्या दिवशी संपते, आणि "संपली ना, मग झालं" असं म्हणून उपचारही तिथेच संपतो.

वाट पाहू नका, लगेच दाखवा

- मान एका बाजूला कलली आहे, चालताना झोकांड्या जातात, गोल गोल फिरतो
- डोळ्यांची बुबुळं सारखी इकडून तिकडे हलतात
- चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली आहे
- कानातून रक्त किंवा भरपूर पू येतो
- झटकून झटकून कानाची पाळी उशीसारखी फुगली आहे, म्हणजे आत रक्त साठलं आहे
- गवतातून आल्यावर अचानक एकच कान धरून केकाटतो
- थेंब सुरू केल्यावर लाली वाढली, किंवा हाक ऐकू येईनाशी झाली

पहिल्या तीन खुणांचा अर्थ संसर्ग पडद्याच्या आत पोचला असण्याची शक्यता आहे. शेवटची खूण दिसली तर थेंब थांबवून ताबडतोब फोन करा.

घरात लहान मुलं असतील तर

पालकांनी हा भाग मुद्दाम वाचावा. मुलांना कुत्र्याचे कान फार आवडतात. ते कुरवाळतात, ओढतात, कानात गुपित सांगतात. एरवी हे सगळं सोसणारा कुत्रा कान दुखत असताना चावू शकतो. तो वाईट झालेला नसतो, त्याला दुखत असतं. कान मागे घेणं, अंग आखडणं, तोंड फिरवणं, ओठ चाटणं, गुरगुरणं ही त्याची "नको" म्हणायची भाषा आहे. ती मुलांना शिकवा. गुरगुरला म्हणून त्याला मारू नका. मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडून थेट चावायला शिकतो.

औषध घालताना डोकं धरायचं काम मुलांना कधीच देऊ नये. फार चिडत असेल तर मोठ्यांनीसुद्धा तोंडाला जाळी बांधावी. तरीही दात लागलेच, तर कुत्रा घरचा असो, लस दिलेली असो, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं. रेबीजच्या बाबतीत "बघू उद्या" चालत नाही.

मुलांना दूर मात्र ठेवू नका. त्यांच्यासाठी भरपूर कामं आहेत. कॅलेंडरवर सकाळ-संध्याकाळची खूण करणं, थेंब मोजणं, खाऊ तयार ठेवणं, रोज किती वेळा डोकं झटकलं ते वहीत लिहिणं. ती वही पुढच्या तपासणीत डॉक्टरांना खरोखर कामाला येते.

वर्गात काय करता येईल?

'कान', 'सूक्ष्मजीव' किंवा 'औषधांचा वापर' शिकवताना हे उदाहरण घेता येतं. प्लंबरच्या दुकानात मिळणारा पीव्हीसी पाइपचा एल्बो घ्या. दोन्ही बाजूंना पाइपचा छोटा तुकडा जोडा. एक टोक फुग्याच्या रबराने बंद करा, हा झाला पडदा. दुसऱ्या टोकातून टॉर्च मारून मुलांना विचारा, "पडदा दिसतो का?" मग त्यात थोडा ओला भुसा टाका आणि काडीने काढायला सांगा. बराचसा भुसा वळणाकडेच सरकतो. शेवटी रबराला टाचणीने भोक पाडून पाणी सोडा. पाणी कुठे पोचतं ते मुलं स्वतःच सांगतील. वरच्या थेंबांच्या गणितात दिवस आणि थेंब बदलून दिले की गणिताचा तासही होतो.

या निमित्ताने मुलांच्या मनात एवढं जरी रुजलं की न पाहता औषध निवडायचं नाही आणि निवडलेलं अर्धवट सोडायचं नाही, तर ते कुत्र्यापुरतं राहत नाही. उद्या स्वतःच्या, आईवडिलांच्या, आजीआजोबांच्या औषधाची बाटली हातात घेतानाही ती मुलं आधी लेबल वाचतील.